नानाजींच्या सोहळ्यात मायटोकॉन्ड्रिया

मानेवाडा, नागपूर
सोमवार, ८ डिसेंबर

तीर्थरूप चंद्रभानदादांच्या पायांवर धाकट्या मुकुंदाचं डोकं. (डोकं आता सहज पायांपर्यंत पोचतं. मध्ये पोट होतं, ते गेलं. कसं गेलं ते पुढे येईलच.)

इकडे मी, लतिका आणि आमची जुनी स्कूटर, तिघंही चालते-फिरते आहोत. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? पंचफुलावहिनींचा मोतिया काढून महिना झाला, म्हणजे त्यांना आता तुम्ही स्वच्छ दिसू लागला असाल. त्यांना माझी सहानुभूती कळवा. गोंदियाची थंडी आमच्यापेक्षा कडक, तेव्हा पहाटे झाडांना पाणी घालताना कानटोपी घाला. मुख्याध्यापकाला सर्दी होत नाही हा नियम निवृत्तीनंतर लागू नसतो.

पत्राचं कारण मोठं आहे आणि ते मला पोटात ठेवता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. दादा, आपण जिंकलो. काल रविवारी महाल भागातल्या मंगल कार्यालयात नानाजीकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला. तिथे दीडशे पाहुण्यांसमोर, चालू माइकवर, नानाजीकाकांनी बाबांबद्दलचा तो शब्द मागे घेतला. तोच शब्द, जो त्यांनी तेहतीस वर्षांपूर्वी बाबांच्या तेरवीच्या पंगतीत काढला होता. बाबा लिव्हरच्या कॅन्सरने गेले, आणि या गृहस्थांनी वरणावर तूप घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "धोंडबाची माळ गळ्यात अन् शिशी खिशात." तुम्ही ताटावरून उठून त्यांची कॉलर धरली होती. तेव्हापासून आजपर्यंत तुम्ही त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही, आणि कालच्या सोहळ्याची पत्रिकाही न उघडता परत पाठवलीत. म्हणून तुम्हाला हे सगळं लिहून कळवणं भाग आहे.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी 'लिव्हर' म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते. मागे तीनदा गेली. (चौथ्यांदा मी मुद्दाम 'मूत्रपिंड' म्हणून पाहिलं, तर आवाज लख्ख येत होता.) पत्राची तशी सोय नाही. शिवाय छत्तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस हाती आलेला कागद लाल शाईने चुका काढल्याशिवाय खाली ठेवणार नाही, याची मला खात्री आहे. तेव्हा चुका काढा, पण शेवटपर्यंत काढा.

सुरुवात जानेवारीत झाली. आम्हा निवृत्त वीज कर्मचाऱ्यांचं आरोग्य शिबिर होतं. मी तिथे गेलो तो केवळ चष्म्याचा नंबर पाहायला, पण रांग चुकली आणि सोनोग्राफीच्या टेबलावर जाऊन पडलो. (रांग लहान होती. लहान रांग दिसली की मी आधी उभा राहतो आणि मग कशाची आहे ते विचारतो.) तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटावर गार जेली लावली, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, किती घेता? मी म्हटलं, आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही. यावर त्यांनी माझ्याकडे, पास घरी राहिला म्हणणाऱ्या प्रवाशाकडे तिकीट तपासनीस पाहतो तसं पाहिलं आणि कागदावर लिहिलं, फॅटी लिव्हर, ग्रेड टू. म्हणजे यकृतात चरबी साठलेली, आणि तीही बऱ्यापैकी. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. बाबांचा पहिला कागदही असाच घडी घालून आला होता.

लतिकेने ही बातमी बाल्कनीत उभं राहून फोनवर तिच्या बहिणीला सांगितली. बहीण यवतमाळला असते आणि लतिकेचा फोनवर विश्वास नाही, ती यवतमाळला ऐकू जाईल अशा बेताने बोलते. संध्याकाळपर्यंत आमच्या चारही मजल्यांना माझं यकृत पाठ झालं. आमच्या वर दुर्गेश म्हणून एक चाळिशीचा मुलगा राहतो, टायरचा धंदा आहे. दर शनिवारी गच्चीवर त्याचं एक मंडळ जमतं, तिथे काय चालतं ते दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या पिशवीवरून कळतं. तो मला जिन्यात भेटला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि गहिवरून म्हणाला, "काहून जी काका, एकटे एकटेच घेऊन राहिले इतके साल? आमाले सांगाचं ना!" मी संतापून नाही म्हटलं. जितकं जोरात नाही म्हटलं तितका त्याच्या नजरेतला आदर वाढत गेला. पुढचे चार शनिवार मला गच्चीवरून सन्मानाने बोलावणं येत होतं, आणि एकदा तर माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती. आयुष्यभर मला ज्या मंडळाने कधी साधा नमस्कार केला नाही, त्याने न प्यायलेल्या दारूसाठी माझा एवढा मान ठेवावा! हसू नका, मला रात्रभर झोप आली नव्हती. कारण हाच शब्द, हेच डोळे मिचकावणं बाबांच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यांना तर उत्तर द्यायलाही वेळ मिळाला नाही.

मग मी ठरवलं, यकृत ताब्यात घ्यायचं. कोराडीच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. दोनशे दहा मेगावॅटचं युनिट ज्याने सांभाळलं, त्याला दीड किलोचं लिव्हर काय जड? डॉक्टरकडे जायची गरजच वाटली नाही. वजन जास्त आहे, खाणं कमी करायला हवं, हे उघड होतं. आणि खाणं कमी करायचा आपल्या घरात एकच सिद्ध मार्ग आहे, तो म्हणजे उपवास. मी सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले, त्यात एकादश्या आणि चतुर्थ्या मिसळल्या. महिन्याचे सतरा दिवस मी उपाशी होतो, दादा! उपाशी म्हणजे सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला तळलेला बटाट्याचा कीस, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा. शिवाय औषध म्हणून रोज सकाळी संत्र्याचा रस, दोन मोठे ग्लास. मृग बहाराची संत्री नुकतीच आली होती, आणि नागपुरात राहून संत्र्यावर संशय घेणारा मी तरी नाही.

हे सगळं मी शास्त्रशुद्ध रीतीने केलं. प्लांटमध्ये दर तासाला रीडिंग घ्यायची आणि लॉगशीटवर चढवायची ही सवय हाडात भिनलेली, म्हणून मी घरात लॉगशीट आखली. वेळ, वजन, रक्तदाब, पोटाचा घेर, शेरा. दर तासाला मी काट्यावर चढत होतो. लतिका स्वयंपाकघरातून बघायची आणि म्हणायची, "एका घंट्यात काय उतरून राहिलं जी तुमचं? काटा झिजून जाईन." मी लक्ष दिलं नाही. तीन महिन्यांनी बेरीज केली तर वजन साडेतीन किलोंनी वाढलेलं. मी काटा बदलला. नव्या काट्याने चार किलो दाखवले. मग रक्त तपासलं, तर यकृताचे आकडेही वर गेलेले. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली, आणि मी लॉगशीटांची फाइल बगलेत मारून धंतोलीला डॉ. प्रीतींकडे गेलो.

धंतोली तुम्हाला ठाऊक आहे. स्कूटर लावायला जागा शोधण्यात जेवढं चालणं होतं, तेवढं रोज केलं तर डॉक्टरांची गरजच पडायची नाही. वेटिंगमध्ये गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे लोक बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर मोठं पाकीट, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगत होता की आपण घेत नाही. मी सगळ्यांवर विश्वास ठेवला. डॉ. प्रीती लहानखुऱ्या, मुलीच्या वयाच्या, पण फाइल मिळताच त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. आजवर माझी लॉगशीट एवढ्या आदराने कुण्या चीफ इंजिनियरनेही वाचलेली नाही. मग त्यांनी पेन्सिलीने काही दिवसांवर खुणा केल्या आणि विचारलं, काका, दर सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी वजन का वाढतं? मी मान ताठ करून म्हटलं, ते माझे उपवासाचे दिवस आहेत. त्यांनी उपवासाला काय खाता ते विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. (खिडकीबाहेर फक्त समोरच्या हॉस्पिटलची भिंत होती.) मग त्यांनी शांतपणे सांगितलं की मी उरलेले तेरा दिवस उपवास न करता जेवलो तेवढ्यामुळेच थोडक्यात वाचलो. रसाचंही तेच. संत्रं सोलून खा, म्हणाल्या, पण सहा संत्र्यांची साखर एका दमात पिऊ नका, ती थेट लिव्हरच्या दारात जाऊन उभी राहते. नागपुरात बसून कुणी संत्र्याच्या रसाला असं बोलावं!

तरीही मी वाद घातला. मी विचारलं, थोडी चरबी साठली तर बिघडलं काय? पोटावर साठते, तशी आतही साठली. यावर त्यांनी मायटोकॉन्ड्रिया हा शब्द उच्चारला. शाळेत तुम्हीच मला तो पाठ करायला लावला होता आणि मी 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' एवढं लिहून अर्धा मार्क मिळवला होता. यकृताच्या एकेका पेशीत असे हजार-दोन हजार मायटोकॉन्ड्रिया असतात, खाल्लेलं जाळून ते ऊर्जा तयार करतात, असं त्या म्हणाल्या आणि मी खुर्चीत ताठ झालो. दादा, हे वीज केंद्र आहे! एका पेशीत दोन हजार युनिटं, आणि आम्ही चार-सहा युनिटांसाठी तीन-तीन पाळ्या करत होतो.

पुढचं त्या सांगत गेल्या आणि मला दिसत गेलं. साखर आणि चरबी हा कोळसा. मागणी असेल तेवढाच जळणार. मी निवृत्त, दिवसभर खुर्चीत, म्हणजे मागणी जवळजवळ शून्य, आणि कोळशाच्या वाघिणी मात्र सतरा उपवासांसकट यार्डात येतच आहेत. मग जागा मिळेल तिथे ढीग लागतो, त्याचं नाव फॅटी लिव्हर. सुरुवातीला बिचारे मायटोकॉन्ड्रिया जास्त जाळून ढीग उपसायला बघतात, ओव्हरलोडवर चालतात, आणि त्यातून ठिणग्या उडायला लागतात. (डॉक्टरांचा शब्द वेगळा होता. मी ठिणग्या म्हटलं, त्यांनी हरकत घेतली नाही.) त्या ठिणग्यांनी खुद्द मायटोकॉन्ड्रियाचंच वायरिंग जळतं. धडधाकट पेशी अशी बिघडलेली युनिटं वेळच्या वेळी मोडीत काढते आणि नवी उभारते, पण चरबीने लडबडलेल्या पेशीत हे कामही रखडतं. मग मोडकी युनिटं तशीच धूर ओकत राहतात, पेशी मरतात, सूज येते, व्रण पडतात आणि यकृत निबर होत जातं. सगळ्यांचं नाही, काहींचं. आणि त्या काहींमधल्याही थोड्यांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं हे मरणं आणि नव्याने वाढणं चालू असताना एखादी पेशी बिनसते. बिघडलेल्या पेशीला बंद पाडायच्या यंत्रणेचा मोठा भाग मायटोकॉन्ड्रियाच्याच हातात असतो. आमच्या भाषेत, युनिटमध्ये मोठा बिघाड झाला की ते आपोआप ट्रिप होतं आणि केंद्र वाचतं. ज्या पेशीचं ट्रिप होणंच थांबलं ती वाढत सुटते, त्याला कॅन्सर म्हणतात. ट्रिप न होणारं युनिट म्हणजे काय, हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला समजवावं लागत नाही.

मग मी विचारलं, आणि हे दारूशिवाय होतं? त्या म्हणाल्या, दारूने होतं, तसंच दारूशिवायही होतं. एक थेंब न घेता होतं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला आणि कोण होतं ते, असं विचारलं.

दादा, मी त्यांना बाबा सांगितले. महालातलं, नानाजीकाकांच्या दुकानासमोरचं ते मिठाईचं दुकान, सकाळी पाचपासून कढईसमोर एका जागी बसून राहणं, पाक एकतारी झाला की दोनतारी हे दर वेळी बोट चाटून पाहणं, आणि उरलेली जिलबी कुणाला शिळी विकायची नाही म्हणून रात्री स्वतः दुधात घालून खाणं. गळ्यात माळ होती, कांदा-लसूण वर्ज्य होता. एकसष्टाव्या वर्षी गेले. डॉ. प्रीतींनी सगळं ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांनी खात्रीने सांगता येणार नाही, काविळीचे काही विषाणूही कारण असू शकतात, कागदपत्रं नाहीत, असं बरंच काही म्हणाल्या. (हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे कळवतो आहे, काल भाषणात सांगितलेलं नाही.) पण तुमचे वडील पीत नव्हते म्हणत असाल, तर त्यांच्या आजारावरून त्यांना खोटं ठरवायचं काही कारण नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी लतिकेलाही सांगितलेली नाही. तुम्ही नानाजीकाकांची कॉलर धरली तेव्हा मी पंगतीत खाली मान घालून भात कालवत बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल धाकटा घाबरला. मी घाबरलो नव्हतो, मला खात्री नव्हती. बाबा शेवटच्या दिवसांत मेडिकल हॉस्पिटलात झोपलेले असताना मी त्यांचा स्टीलचा पेला उचलून हुंगला होता. एकदा नाही, दोनदा. घरी येऊन त्यांची ट्रंक उपसली होती, शर्टांचे खिसे चाचपले होते. पेल्याला तुळशीच्या पाण्याचा वास होता आणि ट्रंकेत पाकाचे डाग पडलेली धोतरं होती, तरीही माझ्या मनातला संशय गेला नाही. तुमच्याकडे एवढासाही पुरावा नव्हता आणि तुम्ही कॉलर धरलीत. तुम्ही बरोबर होता. मला हे लिहायला तेहतीस वर्षं लागली, त्याबद्दल मला माफ करा.

मग मी रीतसर कामाला लागलो. कोळसा कमी, लोड जास्त, एवढंच सूत्र. डॉक्टर म्हणाल्या, माणूस चालायला लागला की स्नायूंमध्ये नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात आणि लिव्हरवरचा बोजा उतरतो. या वयात मला नवी युनिटं मिळणार म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशीपासून पहाटे पाचला मैदानावर हजर. एप्रिल-मे महिन्यात, दादा! सहा वाजता नागपूरचा सूर्य डोक्यावर हात ठेवतो, तोवर माझे चार किलोमीटर संपलेले असायचे. उपवास सगळे बंद. (देवाला कारण सांगितलं आहे.) गोळाभातावरची हिंगाच्या तेलाची धार बंद, तर्री पोहे महिन्यातून एकदा आणि तर्री न मागता. लतिकेने साबुदाण्याचा डबा शेजारी देऊन टाकला आणि घरात अशी पहारेकरी झाली की एकदा मी पाहुण्यांच्या बशीतला चिवडा नुसता सारखा करत होतो, तर आतून आवाज आला, "हात दिसून राहिला मले!" लॉगशीट चालूच होती, पण डॉक्टरांच्या हुकमाने दिवसातून एकदाच.

आणि गेल्या महिन्यात निकाल लागला. फायब्रोस्कॅन नावाचं यंत्र आहे, बरगडीवर बाहेरून एक दांडी टेकवून टकटक करतं, दुखत नाही, पाच मिनिटांत यकृत किती निबर झालं ते आकड्यात सांगतं. एप्रिलमध्ये माझा आकडा नऊ पूर्णांक आठ होता. आता सहा पूर्णांक दोन आला. वजन अकरा किलोंनी उतरलं. डॉ. प्रीती खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काका, तुमची फाइल मी विद्यार्थ्यांना दाखवते. मी धंतोलीपासून मानेवाड्यापर्यंत स्कूटरवर गाणं म्हणत आलो. दुर्गेशला जिन्यातच आकडा सांगितला. त्याने लगेच विचारलं, "सोडली का मंग काका?" मी त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मैदानावर बोलावलं आणि तिसऱ्या फेरीला, त्याचा दम लागलेला असताना, मायटोकॉन्ड्रिया समजावून सांगितले. आता गच्चीवरच्या खुर्च्या तीन झाल्या आहेत, बाकीचे मैदानावर येतात.

एवढी शस्त्रं हातात आल्यावर नानाजीकाकांच्या सोहळ्याचं आमंत्रण मी कसं टाळणार? त्यांच्या मुलाने मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं, विषय 'नानाजी: एक आठवण'. मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर वीज केंद्राचा आणि यकृताच्या पेशीचा असे दोन तक्ते काढून नेले. स्टेजवर गेलो, नानाजीकाकांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, नानाजींची माझी सगळ्यात ठळक आठवण एका पंगतीची आहे. एवढं बोलून मी सरळ कोळशाच्या वाघिणींवर आलो. पहिली दहा मिनिटं लोकांना वाटलं मी नानाजींच्या कष्टांबद्दल रूपकातून बोलतो आहे, दोन ठिकाणी टाळ्याही पडल्या. मागून मठ्ठ्याचा आणि गरम बुंदीचा वास येत होता, मुलं रडत होती, सूत्रसंचालक मला चिठ्ठ्या देत होता. मी चिठ्ठ्या खिशात घातल्या. ट्रिप न होणाऱ्या युनिटापाशी आलो तेव्हा मात्र चिठ्ठ्या थांबल्या. मग मी म्हटलं, माझे वडील धोंडबा याच आजाराने गेले असणार, आणि त्यांनी आयुष्यात पाकाशिवाय दुसरं काही चाखलं नाही. दादा, मी वाक्य पुरं केलं.

नानाजीकाका खुर्चीतून उठले. सुनेने धरायला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला आणि माइक माझ्या हातून घेतला. मला वाटलं आता कानाखाली येते. ते म्हणाले, "धोंडबा पेत नव्हता. मले तवाच मालूम होतं. त्याचं दुकान माह्या दुकानाहून जास्त चाले, म्हणून मी बोललो. मी तो शब्द वापस घेतो. माह्यं चुकलं." एवढंच. मग त्यांनी माइक उलटा धरला आणि खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीने वाजवल्या आणि सगळा हॉल वाजवू लागला. बाबांसाठी, दादा! त्या कार्यालयापासून आपलं दुकान होतं ती गल्ली दोन मिनिटांवर आहे.

जेवणं झाल्यावर अकरा जणांनी मला कोपऱ्यात गाठलं, प्रत्येकाच्या फोनमध्ये एकेक लपवलेला रिपोर्ट होता. बारावे खुद्द नानाजीकाका. धोतराच्या कनवटीला कागद खोचलेला, ग्रेड वन. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून! त्यांनी माझा हात सोडला नाही आणि विचारलं, चंद्रभान आला नाही का? नाही म्हटल्यावर म्हणाले, "त्याले सांग, कॉलर पुन्हा धरजो म्हणा, पण एकदा ये म्हणा."

तर असा हा विजय. वहिनींना पत्र मोठ्याने वाचून दाखवा, माफीचा भाग वगळलात तरी चालेल. तुमचा गुडघा, वहिनींचे डोळे आणि माझा नवा आकडा, तिन्ही असेच राहोत, ही प्रार्थना करून पेन खाली ठेवतो.

तुमचा धाकटा
मुकुंद

ता. क. लतिकेने पत्र वाचलं. तिच्या मते माझं भाषण पंचेचाळीस मिनिटं चाललं आणि नानाजीकाकांनी माइक हिसकावला तो जेवण थंड होत होतं म्हणून. शब्द मागे घेतल्याशिवाय मी खाली उतरणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं, असंही ती म्हणते. असेल. घेतला तो घेतलाच. तिने हेही लिहायला लावलं आहे की काल मी बुंदीचे चार लाडू खाल्ले आणि आज काटा आठशे ग्रॅम वर आहे.

ता. क. दुसरा. वहिनींवर रागावू नका. मोतिया काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा कपाट आवरलं, तेव्हा तुमच्या कोटाखाली दिवाळीपासून ठेवलेला सोनोग्राफीचा कागद त्यांना स्वच्छ दिसला. त्याचा फोटो लतिकेच्या फोनवर आहे. ग्रेड थ्री. मधुमेहाच्या गोळ्या तुम्ही बारा वर्षं घेत आहात, हे डॉ. प्रीतींना सांगितलं आहे. गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. पहाटेच्या गाडीचं तिकीट वहिनींकडे पोचलं आहे, मी स्टेशनवर उभा असेन. इतकं लांबलचक पत्र मी केवळ एवढ्यासाठी लिहिलं. आता तुम्हाला बाबांसाठी तो कागद लपवायचं काही कारण उरलेलं नाही. जे म्हणणारे होते त्यांनीच माइकवर वापस घेतलं आहे.

ता. क. शेवटचा. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, वडील गेले, मोठा भाऊ ठणठणीत आहे. तेव्हा मला तसंच वाटत होतं. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि मी अजून ते खोडायला सांगितलेलं नाही. दादा, बाबांचा पेला हुंगत बसलो त्या दिवसांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, की तुम्हाला किती दुखतं. तुम्हाला विचारतो आहे. या.